खेळाच्या कोशांतील लेखनशिस्त

मुलें व्हिडिओ गेम खेळतात तीं खेळतात, वर त्याविषयीं वाचीतही बसतात, अशी पालकांची तक्रार आमच्या कानीं येते. तें वाचन कोणत्या प्रतीचें आहे, हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. स्वीडनमधील 'माइनक्राफ्ट' हा खेळ २०११ सालीं पूर्णत्वास गेला. त्याच्या चाहत्यांचा इंग्रजी 'माइनक्राफ्ट विकी' हा कोश त्याहूनही जुना, २००९ सालचा. त्यांत लिहावयाचें तर नियम पाळावे लागतात. वाचकास 'तुम्ही' म्हणावयाचें नाहीं, 'खेळाडू' म्हणावयाचें. 'क्रीपर' हें एका जातीचें नांव, व्यक्तीचें नव्हे. सबब वाक्याच्या मध्यें त्यास मोठें आद्याक्षर नाहीं. एखादी गोष्ट 'जावा' आवृत्तींत एक प्रकारें व 'बेडरॉक' आवृत्तींत निराळ्या प्रकारें घडत असेल, तर तसें स्पष्ट नमूद करावयाचें.

हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. तो मोडला म्हणजे नवख्या मुलाचा तासभराचा खटाटोप व्यर्थ जातो, आणि दोष तो आपल्याच बुद्धीस देतो. ऐकीव वाक्य व पडताळलेलें वाक्य यांतील हा भेद निबंधाच्या वह्यांतून आम्हांस क्वचितच आढळतो. 'तुम्ही'ची बंदी मात्र अंमळ कडक खरी. कृति शिकवितांना आपुलकीचा शब्द कांहीं बिघडवीत नाहीं.

त्या कोशांतील प्रत्येक पानास 'इतिहास' नांवाचें सदर जोडलेलें असतें. कोणता शब्द केव्हां बदलला, हें तेथें तारीखवार दिसतें. पालकांनीं एकदां मुलाजवळ बसून तें उघडावें.