सोनोग्राफी : भीती कशाची, सावधगिरी कशाची?

गरोदरपणात सोनोग्राफी करावी की नाही, असे माता-भगिनी आम्हाला वरचेवर विचारतात. वस्तीतल्या जुन्या बायका सांगतात, "त्या मशीनचा लाईट लागून बाळ सुकतं." त्या भीतीपोटी काही सुना तपासणीला जातच नाहीत. उलट काही घरांत दर महिन्याला बाळाचा 'फोटो' काढून आणायची हौस वाढली आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, कारकून. पण जाणकारांना विचारून जे पक्के कळले ते मांडतो.

सोनोग्राफी म्हणजे एक्स-रे नव्हे. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, आवाज असतो. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटावरच्या प्रोबचा आवाज साधारण २० ते ५० लाख कंपनांचा, म्हणून आपल्याला कळतही नाही. तो आत आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीचे चित्र पडद्यावर उमटते. पोटावर लावतात ते गार जेल औषध नव्हे. प्रोब आणि कातडी यांत हवा राहू नये एवढ्यासाठीच ते असते. लोखंडातल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राची ही विद्या ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी माणसाच्या पोटासाठी वापरली व १९५८ साली जगापुढे मांडली. जाणत्या हाताने, कारणापुरत्या केलेल्या तपासणीने बाळाला अपाय झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही.

मग सावधगिरी कसली? आवाज अंगात शिरला की थोडी ऊब तयार होते. म्हणून पडद्यावर 'टीआय' आणि 'एमआय' असे दोन आकडे दिसतात. पहिला उष्णतेचा अंदाज देतो, दुसरा आवाजाच्या धक्क्याचा. हे आकडे कमीत कमी आणि वेळ कामापुरता, हा डॉक्टरांचा जगभरचा नियम आहे. रक्तप्रवाह पाहणाऱ्या डॉप्लरची ऊब जास्त, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत तो कारणाशिवाय वापरत नाहीत. केवळ हौसेचा फोटो हे कारण होत नाही. आतून तपासणी असेल तर प्रोबवर नवे आवरण चढवले का, हे भगिनींनी निःसंकोच विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली २४ आठवड्यांच्या आत एक तरी सोनोग्राफी करावी असे सांगितले. बाळाचे दिवस, जुळे आहे का, व्यंग आहे का, हे तिच्यातून कळते. पैशांची अडचण असेल तर घाटी आहे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात गरोदर मातेची ही तपासणी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर मातांची खास तपासणीही असते.

खरा धोका यंत्राच्या आवाजात नाही, ते चालवणाऱ्याच्या जिभेत आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा आपल्याच महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ चा देशाचा कायदा त्यानंतर आला. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८०७ भरल्या. २०१२ साली परळीत बेकायदा गर्भपातात एका मातेचा जीव गेला. आणि २०२४ साली आपल्या शहरात, गारखेडा भागातल्या एका फ्लॅटमध्ये चोरून गर्भलिंग तपासणी चालल्याचे उघड झाले! अशा खोलीत आकडे कोण पाहणार, आवरण कोण बदलणार?

म्हणून केंद्रात शिरताना भिंत वाचा. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी हवे, आणि 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक मराठीतही हवा. नंतर समोर येतो 'एफ' फॉर्म. कागदांत आयुष्य गेल्यामुळे आमचे लक्ष तेथेच जाते. त्यात तपासणीचे कारण लिहायचे असते, आणि 'मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही' अशी मातेची सही असते. बऱ्याचदा सासू किंवा नवरा कागद पुढे सरकवतो आणि सून न वाचताच सही ठोकते. भगिनींनो, कागद हातात घ्या, वाचता येत नसेल तर वाचून मागा. लिंग विचारणाऱ्या नातेवाइकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जबरदस्तीने नेलेल्या सुनेला मात्र हा कायदा शिक्षा करीत नाही. उलट सिद्ध होईपर्यंत तिच्यावर नवऱ्याने वा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असेच न्यायालय धरून चालते. हे तिला घरातून कोणी सांगत नाही.