‘डी’ची पुडी आणि बी.पी.ची गोळी



रंकाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटात हल्ली पायांपेक्षा ड जीवनसत्त्वाचे रिपोर्टच जास्त चालतात. ‘माझं डी अकरा,’ ‘माझं नऊच!’ आणि ‘डी कमी झालं की अंगावरनं वारं जातं,’ असा मोबाइलवर आलेला इशारा कुणीतरी वाचून दाखवतो. परवा एका मित्राने सांगितले, ‘दर रविवारी ६०,००० युनिटची पुडी दुधातून घेतोय. बी.पी.ची गोळी आता डोकं जड वाटलं तरच.’ त्याला तिथूनच दवाखान्यात नेले. रक्तदाब निघाला १७२/१०४. म्हणून हे पत्र.

इशारा अगदीच खोटा नाही. ज्यांचे ड जीवनसत्त्व कमी, त्यांच्यात पक्षाघात जास्त, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण जो आधीच आजारी, स्थूल किंवा घरात बसून असतो, त्याला ऊन मिळत नाही आणि ‘डी’ही घसरते. मग दोष नेमका कुणाचा? हे कळायचे तर ‘डी’ देऊनच पाहावे लागते. अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘डी’ दिले, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांनीही ‘डी’वाल्यांचे पक्षाघात कमी झाले नाहीत. २०१९ मध्ये अशा २१ चाचण्यांतील ८३ हजारांवर लोकांचा हिशेब एकत्र मांडला गेला, तोही तेच सांगतो.

‘त्या लोकांचे डी मुळात बरे होते, आमचे नऊ आहे,’ असे कुणी म्हणेल. मुद्दा रास्त आहे. इतकी कमतरता असेल तर हाडांसाठी, स्नायूंसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती जरूर भरून काढावी. पण ती पुडी पक्षाघात रोखते याला पुरावा नाही. उलट मनाने महिनोन्महिने घेतली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब, आणि तिथेच आपण ढिले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपल्या ताटात खरडा, लोणचे, पापड, वर कटाचा दुसरा वाडगा. आणि हात धुतले की तंबाखूला चुना.

आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना विनंती, ‘डी’च्या सवलतीच्या पॅकेजआधी दंडाला बी.पी.चा पट्टा बांधा. आणि वाचकहो, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तेल चोळणाऱ्याकडे नेऊ नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सी.टी. स्कॅन झाल्यावर. त्या वेळी १०८ ला फोन करा. सी.टी. रात्रीही चालू असलेले जवळचे रुग्णालय मात्र आजच विचारून ठेवा.

— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर