ग्रहणवेड आणि सोशिक गृहिणी

पाथरीस आमच्या घरी कोणी नवे पाहुणे आले, की माझ्या यजमानांच्या ग्रहणवेडाची कथा निघते आणि शेवटी स्तुती होते ती माझी : “वहिनी, तुम्ही म्हणून हे सारे चालवून घेतलेत!” चाळीस वर्षांहून अधिक काळ ही स्तुती मी मुकाट्याने ऐकली. आज तिचा जाहीर अव्हेर करावयाचा आहे. कारण तिच्या पोटात एक अन्याय दडलेला आहे.

ह्या स्तुतीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली, आकाश पाहणे हे संसारी माणसास न शोभणारे वेड आहे. दुसरी, ते पुरुषाने करावे व बायकोने सोसावे.

पहिलीचे उत्तर आमचे गावच देईल. संस्कृत ग्रंथांतील पार्थपूर ते हेच पाथरी. येथील ज्ञानराज नावाच्या ज्योतिर्विदांनी १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला. चंद्रसूर्यांच्या ग्रहणांचे गणित त्यात आहे. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर व ‘बीजगणिता’वर टीका लिहिल्या. ज्या गावी ग्रहणाचे गणित मांडणे हे विद्वत्तेचे काम होते, तेथेच ते ग्रहण डोळ्यांनी पाहणे हे वेड कसे ठरते? प्रवासाचा खर्च झाला, हे खरे. परंतु लग्नाच्या पंक्तींवर त्याहून अधिक उधळणाऱ्यांनी तो मोजू नये.

खरा वाद दुसऱ्या गोष्टीचा आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कर्नाटकातून पूर्वेकडे गेली. यजमान रायचूरला गेले. मला दिवस गेले होते. सासूबाईंनी खिडकीला घोंगडी लावून मला आतल्या खोलीत बसविले. विळीस हात लावावयाचा नाही, पाणी प्यावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी हे परतले आणि भरदुपारी पडलेल्या अंधाराचे, सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचे वर्णन रात्रीपर्यंत करीत राहिले. सासूबाईंवर माझा राग नाही. त्यांनी केले ते मायेने व भयाने केले. राग आहे तो ह्यांच्यावर. सगळे गणित ठाऊक असून घरातून निघताना त्या घोंगडीविषयी ह्यांनी एक शब्दही काढला नाही!

कोणी म्हणेल, गर्भास बाधा झाली असती तर? ग्रहणकाली सूर्यातून कोणताही नवा किरण निघत नाही. चंद्र आड आल्याने उलट प्रकाशच घटतो. धोका आहे तो उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहण्यात, आणि तो स्त्रीपुरुष दोघांस सारखाच. त्यावर उपाय योग्य गाळणीचा चष्मा हा आहे, आतली खोली हा नव्हे.

पतिपत्नींनी मिळून आकाश पाहिल्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ॲनी माँडर आपल्या पतीसह विलायतेहून वऱ्हाडातील तळणी येथे आल्या होत्या. विवाह झाला म्हणून १८९५ मध्ये ग्रीनिच वेधशाळेतील नोकरी त्यांस सोडावी लागली होती. तरीही प्रभामंडलातील एका अतिदीर्घ किरणशाखेचे नामांकित छायाचित्र तळणीस घेतले ते त्यांनीच. त्या तेथे पतीचे वेड सोसण्यास आल्या नव्हत्या.

मला माझा वाटा मिळावयास २००४ साल उजाडले. ८ जूनला शुक्राचे अधिक्रमण होते. ह्यांच्या हातून चष्मा मी मागून घेतला आणि सूर्यबिंबावर तिळाएवढा काळा शुक्र पाहिला. ६ जून २०१२ रोजी पुन्हा पाहिला. आता तो योग २११७ पर्यंत नाही. त्या सकाळी हे हळूच म्हणाले, “रायचूरला तुला न्यावयास हवे होते.” नेणे त्या अवस्थेत कदाचित जमले नसते, पण घोंगडी काढणे खास जमले असते.

२ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे आहे. पावसाळी ढगांनी ते झाकले, तर तक्रार कोणाकडे करणार? परंतु घराच्या दाराने ते झाकू नये. सुशिक्षित कुटुंबांतील आकाशवेड्या पुरुषांनी दुर्बिणीची काच पुसण्यापूर्वी आपल्या घरात कोणाला आत बसविले आहे, ते आधी पाहावे. आणि माझ्या भगिनींनी सोशिकपणाची स्तुती नाकारून चष्मा मागून घ्यावा.