पुढच्या माणसाची अनामत

वस्तू लपवणे आणि ती शोधून काढणे हा सगळ्या मुलांचा आवडता खेळ आहे. घरात, अंगणात, गल्लीत तो रोज चालतो. हाच खेळ आज जगभर मोठी माणसे डोंगरात, जंगलात आणि गावाबाहेरच्या माळावर खेळतात. त्याला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी. ‘कॅश’ म्हणजे येथे रोकड नव्हे. उच्चार तोच असला तरी हा शब्द वेगळा आहे. त्याचा अर्थ ‘लपवून ठेवलेला साठा’. एक माणूस घट्ट झाकणाची डबी कोठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश व रेखांश जाहीर करतो. बाकीचे लोक त्या आकड्यांवरून डबी शोधायला निघतात.

डबीत काय असते? एक लहान वही, एक पेन्सिल आणि कधीकधी गोट्या, बिल्ले, किल्लीची साखळी अशा किरकोळ वस्तू. शोधणाऱ्याने वहीत आपले नाव व तारीख लिहायची आणि डबी होती तेथेच परत ठेवायची. म्हणजे एवढी पायपीट करून हाती काही येत नाही! मग या खेळात अर्थ काय, असे तुम्ही विचाराल. माझे मत असे आहे, की या खेळाचा खरा अर्थ डबी सापडल्यानंतर सुरू होतो. त्या वेळी दोन माणसे तेथे गैरहजर असतात. एक, आपल्यानंतर डबी शोधायला येणारा. दुसरा, ज्याला हा खेळ ठाऊकच नाही असा माणूस. या दोन गैरहजर माणसांशी आपण कसे वागतो, त्यावरून आपण चांगले खेळाडू आहोत की नाही ते ठरते.

प्रथम या खेळाचा इतिहास थोडक्यात पाहू. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचे ओसाड पठार आहे. तेथे १८५४ साली जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तेथवर पायी पोहोचणारे लोक आपल्या नावाची चिठ्ठी त्या बाटलीत टाकत. पुढे तेथे डब्या ठेवण्याची प्रथाच पडली. त्या काळी ना उपग्रह होते, ना मोबाइल. नकाशा, होकायंत्र आणि पाय, एवढ्यावर खेळ चाले.

नंतर अमेरिकेचे जीपीएस उपग्रह आले. त्यांच्यामुळे पृथ्वीवरील आपली जागा कळू लागली. पण सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकत असे. मे २००० च्या सुरुवातीस ही चूक काढून टाकण्यात आली. लगेच, ३ मे २००० रोजी, ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी एका बादलीत काही वस्तू ठेवून ती लपवली आणि तिचे ठिकाण आकड्यांत जाहीर केले. ‘काही घ्या, काही ठेवा’ एवढाच त्यांचा नियम होता. तीन दिवसांच्या आत ती बादली सापडली.

भूगोलाच्या तासाला अक्षांश-रेखांश म्हटले, की अनेक मुले कंटाळतात. पण हे आकडे नुसते पाठ करण्यासाठी नाहीत. आपली बार्शी सुमारे १८ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७५ अंश ४२ मिनिटे पूर्व रेखांश येथे आहे. अक्षांशाच्या एका मिनिटाचे जमिनीवरील अंतर साधारण १.८५ किलोमीटर असते. त्या मिनिटाचे हजार भाग केले तर एक भाग दोन मीटरपेक्षाही लहान होतो. म्हणजे काही अंकांत एखाद्या झाडाचा पत्ता सांगता येतो! मात्र मोबाइलवरची जागा काही मीटर इकडेतिकडे होऊ शकते. शेवटचा शोध आपल्या डोळ्यांनी आणि बुद्धीनेच घ्यावा लागतो.

आता पहिल्या गैरहजर माणसाकडे, म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्याकडे वळू. त्याच्यासाठी या खेळात काही रीती ठरलेल्या आहेत. डबीतून एखादी वस्तू घेतली तर तिच्या तोडीची किंवा तिच्याहून चांगली वस्तू ठेवावी. चांगला बिल्ला घ्यायचा आणि तुटके बटण ठेवायचे, हे बरे नव्हे. खाण्याचे पदार्थ कधीच ठेवू नयेत. त्यांच्या वासाने मुंग्या आणि उंदीर येतात, डबी कुरतडली जाते. गंमत अशी, की अल्मर यांच्या पहिल्या बादलीत बीन्सचा बंद डबाही होता; अनुभवाने लोक शहाणे झाले. आगपेटी, ब्लेड, औषधे हेही वर्ज्य. वही ओली होऊ नये म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकण घट्ट लावावे. शाई दमट कागदावर पसरते, म्हणून पेन्सिल ठेवावी. डबी जशी होती तशीच ठेवावी. ‘याहून चांगली जागा’ आपण शोधू नये. डबी कोठे होती हे दुसऱ्याला सांगून त्याचा आनंद हिरावू नये.

आणखी एक रीत मला फार आवडते. डबी सापडली नाही, तर ‘सापडली नाही’ असे प्रामाणिकपणे कळवायचे. आपल्याला अपयश सांगायची लाज वाटते. पण दोघा-तिघांनी असे कळवले, की डबी ठेवणाऱ्याला समजते, की ती हरवली किंवा वाहून गेली असावी. मग तो जाऊन पाहतो. आपले अपयशही दुसऱ्याच्या उपयोगी पडते ते असे.

उर्दूत आपण ‘अमानत’ म्हणतो. हाच शब्द मराठीत येऊन ‘अनामत’ झाला. घर भाड्याने घेताना अनामत रक्कम द्यावी लागते, हे तुम्ही ऐकले असेल. दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असते, पण आपली नसते, ती अनामत. माळावरची डबी ही पुढच्या माणसाची अनामत आहे. तेथे पहारेकरी नाही, कॅमेरा नाही, शिक्षकही नाहीत. तरीही आपण ती नीट परत ठेवतो. वर्गात सगळ्यांसमोर नियम पाळणे सोपे असते. एकटे असताना तो पाळला, तरच तो आपला झाला.

दुसरा गैरहजर माणूस म्हणजे खेळाबाहेरचा माणूस. त्याच्याविषयी मात्र परदेशातील शौकिनांची एक रीत मला पटत नाही. ‘हॅरी पॉटर’च्या पुस्तकांत ज्यांना जादू येत नाही त्यांना ‘मगल’ म्हणतात. जिओकॅशिंग करणारेही बाहेरच्या माणसाला ‘मगल’ म्हणतात आणि त्याच्या नजरेआड डबी काढतात. कोणी पाहत असेल तर बुटाची नाडी बांधण्याचे सोंग करतात. कारण अनोळखी माणसाने पाहिले तर तो डबी उचलून नेईल, ही भीती. ही भीती खोटी नाही. पण आपल्याकडे ही रीत जशीच्या तशी आणणे चुकीचे ठरेल.

का, ते पाहा. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी या गावात एका माणसाचे वागणे पाहून कोणाला तरी संशय आला. त्याने रस्त्याकडेला काहीतरी लपवलेले दिसले होते. पोलिसांनी रस्ता बंद केला आणि लष्कराच्या पथकाने ती वस्तू स्फोट करून नष्ट केली. ती खेळातली साधी डबी होती! कोणाच्याही मनात वाईट नव्हते, पण सारे गाव वेठीला धरले गेले. आपल्याकडे तर रेल्वे स्थानकात आणि बस स्थानकात ‘बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा’ अशा सूचना असतात. त्या योग्यच आहेत. म्हणून स्थानक, रेल्वेमार्ग, बाजार, बँक, दवाखाना, मंदिर, मशीद, दर्गा यांच्याजवळ डबी कधीही ठेवू नये. डबी पारदर्शक असावी. तिच्यावर हा खेळ आहे, आत काय आहे आणि कोणाशी संपर्क साधावा हे मराठीत स्पष्ट लिहावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट परवानगीची. आपल्या तालुक्यात गावाबाहेरची बहुतेक जमीन कोणाची ना कोणाची असते. थंडीत येथे ज्वारी उभी असते. एखाद्या बांधावर चार मुले वाकून दगड उचलू लागली, तर शेतकऱ्याला काय वाटेल? कणसे मोडायला आली, की मोटारीची वायर चोरायला आली? त्याचा संशय रास्त आहे. ते शेत म्हणजे त्याची वर्षाची मेहनत. त्याला ‘मगल’ म्हणून हसणे आणि त्याची नजर चुकवणे ही कसली हुशारी? त्याच्यासमोर जावे, “काका, आम्ही अमुक शाळेची मुले, असा असा खेळ आहे, तुमच्या बांधावर डबी ठेवू का?” असे विचारावे. तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाला तर नमस्कार करून दुसरी जागा शोधावी.

काही मुले म्हणतील, “सर, सगळ्यांना सांगितल्यावर मजा काय उरली?” पण सगळ्यांना सांगायचे नाहीच. ज्याची जागा आहे त्याला सांगायचे. शोधणाऱ्याला तरी कोठे ठाऊक असते? त्याची मजा तशीच राहते. उलट, शेतकऱ्याला माहीत असले तर तोच डबीची राखण करतो. लपवाछपवी शोधणाऱ्यापासून असावी, मालकापासून नव्हे.

आता किल्ले आणि जुन्या वास्तूंविषयी. बार्शीहून परंड्याचा किल्ला फार दूर नाही. असा किल्ला पाहिला, की कोणालाही वाटेल, डबी लपवायला यासारखी जागा नाही! पण तेथे डबी ठेवू नये. भिंतीतला एक दगड हलवला तर दुसरा सुटतो. शिवाय आपल्याकडे गुप्तधनाच्या लोभाने जुन्या वास्तू खोदण्याचा वाईट प्रकार चालतो. आपण तेथे चिरे हलवू लागलो, तर पाहणारा आपल्यालाही त्यांच्यातलेच समजेल. संरक्षित वास्तूची नासधूस करणे हा कायद्याने गुन्हा आहे. जिओकॅशिंगमध्येही जमीन खणून डबी पुरायला मनाई असते, हे लक्षात ठेवावे.

मग किल्ल्यावर खेळायचेच नाही का? अवश्य खेळावे, पण डबीशिवाय. या खेळाचा असाही एक प्रकार आहे. त्यात जागेवर जाऊन, नीट पाहून प्रश्नांची उत्तरे आणायची असतात. या दारावर कोणते नक्षीकाम आहे? या बुरुजावरून कोणती दिशा दिसते? हात न लावता डोळ्यांनी वाचायचे. बार्शीत तर उत्तम कोडी तयार होतील. उदाहरणार्थ: ‘बार्शी लाइट रेल्वे ज्या साली सुरू झाली त्या सालाचे शेवटचे दोन अंक घ्या.’ साल १८९७, म्हणून ९७. अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी ती छोटी गाडी २००८ नंतर येथे राहिली नाही. तिच्या जागी रुंद रुळांची गाडी आली. पण कोडे सोडवताना मुले आपल्या गावाचा इतिहास शिकतील.

शोधताना खरोखरच एखादे जुने नाणे किंवा मूर्तीचा तुकडा सापडला तर? तो खिशात घालू नये. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू जमवल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे आहे. त्या वस्तू एका घरात दडून राहिल्या असत्या, तर आपण काय पाहिले असते? तीही पुढच्या माणसाची अनामतच होती.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. एकट्याने जाऊ नये. तिघे-चौघे मिळून, घरी सांगून जावे. सोबत मोठे माणूस असल्यास उत्तम. चप्पल नको, पूर्ण बूट घालावेत. दगडाखाली किंवा कपारीत थेट हात घालू नये. आधी काठीने चाचपावे, कारण तेथे साप किंवा विंचू असू शकतो. कठडा नसलेल्या विहिरीजवळ डबी ठेवू नये आणि शोधूही नये. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडू नये. पाणी बरोबर घ्यावे आणि अंधारापूर्वी परतावे. येताना वाटेतला थोडा कचरा उचलून आणावा. जगभरातील खेळाडू २००२ पासून अशी मोहीम चालवतात.

मोबाइल नाही म्हणून कोणी नाराज होऊ नये. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेच्या मैदानातच सुरुवात करता येते. ‘फाटकापासून पूर्वेला चाळीस पावले, तेथून उत्तरेला पंधरा’ अशी चिठ्ठी पुरे. एका तुकडीने डबी लपवावी, दुसरीने शोधावी. नकाशा उर्दूत काढा, सूचना मराठीत लिहा. खजिना, नकाशा, किल्ला, परवानगी हे शब्द दोन्ही भाषांत आहेतच. महिन्यानंतर ती डबी उघडून पाहा. वही कोरडी असेल, पेन्सिल जागेवर असेल आणि वस्तू होत्या त्याहून चांगल्या असतील, तर समजा, तुमची तुकडी माळावर जायला तयार झाली.