म्हादेईवरचा एकटा खलाशी



मागच्या आठवड्यात आमच्या उंद्रीच्या शाळेत मी मुलांना विचारलं, 'मोठेपणी कोण होणार?' एकेक जण फळ्यावर लिहून जात होता. एकाने 'नौदल अधिकारी' असं लिहिलं आणि लगेच हाताने पुसून टाकलं. “का रे पुसलंस?” म्हटलं, तर म्हणतो, “सर, आपल्या इकडं तं समुद्रच नाही. मंग मी कसा होईन?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तो डी.एड. झाल्यावर! म्हणून त्या मुलाला मी कमांडर दिलीप दोंदे यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दोंदे हे पहिले भारतीय. ही कल्पना होती व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'कामोर्टा' ही युद्धनौका त्यांच्या हाताखाली होती. त्यांना वीरचक्र मिळालं. निवृत्तीनंतर ते राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. तिथूनही समुद्र दिसत नाही बरं का! पण एखाद्या भारतीयाने हे करून दाखवावं, हा ध्यास त्यांनी सोडला नाही.

२००६ साली दोंदे पुढे आले. ते नौदलातले पाणबुडे. पण जगाला एकट्याने वळसा कसा घालायचा, हे आपल्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग काय केलं? विचारत विचारत शिकले! १९६९ साली न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे ते इंग्लंडला गेले. गंमत म्हणजे नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' ही होडी बांधली होती आपल्या मुंबईत!

दोंदे यांची होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली. लांबी ५६ फूट. मांडवी नदीचं दुसरं नाव म्हादेई, तेच होडीला दिलं. बांधकाम चालू असताना दोंदे तिथे लक्ष घालत होते. भर समुद्रात काही मोडलं तर दुरुस्तीला दुसरा कोण येणार?

१९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले. अट अशी, की कुठलाही कालवा वापरायचा नाही आणि विषुववृत्त ओलांडून जगाला पुरा वळसा घालायचा. वाटेत फक्त चार मुक्काम. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, मग फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि शेवटी आफ्रिकेत केपटाउन. एरवी चहूकडे पाणीच पाणी. शिडं सांभाळायची, स्वयंपाक करायचा, मोडतोड दुरुस्त करायची आणि झोप घ्यायची ती तुकड्या-तुकड्यांनी. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न तर वादळांसाठी कुप्रसिद्ध. तेही ओलांडून ते मे २०१० मध्ये मुंबईला परत आले.

म्हणजे बघा, प्रवास नऊ महिन्यांचा आणि तयारी तीन वर्षांची!

पुढे याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' होडीतून जगाला वळसा घालून आल्या. त्यांना शिकवायला दोंदे होतेच.

गोष्ट संपली तेव्हा मी त्या मुलाला आणखी एक सांगितलं. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथे नौदलाचे भावी अधिकारी शिडाची होडी चालवायला शिकतात ती धरणाच्या गोड्या पाण्यात! आणि समुद्र आपल्यापासून तुटलेला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पैनगंगेचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं, पूर्णेचं अरबी समुद्राला.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, पोहता यावं लागते का?”

“हो. आणि गणितही यावं लागतं.”

गणिताचं नाव काढताच त्याचं तोंड उतरलं. पण दुसऱ्या दिवशी गृहपाठाची वही सगळ्यात आधी त्याचीच आली.

मुलांनो, जगाचा नकाशा काढा आणि म्हादेईचे चार मुक्काम बोटाने शोधा. सापडतात का बघा!

तुमचे,
सर