निधी आमचा, योजना सरकारची

मी चेन्नईच्या अण्णा नगरात राहतो. इथल्या विधानसभेने 2024 मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या निधीसाठी कायदा केला. कर्नाटकने तो 2013 मध्येच केला होता. फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात मे 2025 मध्येही असा कायदा नव्हता. म्हणूनच सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी ‘लाडकी बहीण’कडे वळले आणि खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली.

लाभार्थ्यांत दलित बहिणी आहेतच. पण सर्वांसाठीच्या योजनेत त्यांचाच वाटा त्यांच्या लेकरांच्या वसतिगृह-शिष्यवृत्तीतून का कापायचा? हा निधी उपकार नव्हे, लोकसंख्येच्या प्रमाणातला हक्क आहे.

शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मित्रांनो, अर्थसंकल्प वाचा. आमदाराला हिशेब मागा, कायदा मागा.

जय भीम.