बाँबचा हिशेब आणि न्यायाची थकबाकी

यादवी युद्धात रणांगण आणि बाजारपेठ यांतील सीमारेषा पुसली जाते. ३१ जानेवारी १९९६ रोजी कोलंबोत तमिळ वाघांनी स्फोटकांनी भरलेला ट्रक मध्यवर्ती बँकेच्या दाराशी उडविला. सुमारे ९० माणसे प्राणास मुकली, हजाराहून अधिक जखमी झाली. कचेरीत बसलेला कारकून आणि रस्त्याने जाणारा पादचारी यांनी कोणते युद्ध पुकारले होते? परंतु नागरिकांवरील बाँबहल्ल्याचे लक्ष्य मरणारा माणूस नसतोच. मागे उरलेल्यांनी एकमेकांवर तुटून पडावे, हेच त्याचे खरे लक्ष्य असते.

मुंबईत यादवी युद्ध नव्हते; तिची ठिणगी मात्र पडली होती. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत ९०० माणसे मारली गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. त्यानंतर १२ मार्च १९९३ रोजी दुपारी शेअर बाजारापासून सुरू झालेल्या स्फोटमालिकेने दोन-अडीच तासांत २५७ बळी घेतले. झवेरी बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचे सेंच्युरी बाजार ही ठिकाणे पाहिली, म्हणजे शहराच्या आर्थिक मर्मावर घाव घालण्याचा हेतू स्पष्ट होतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या घटनेची एक बाजू विशेष ध्यानात घ्यावी. रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी व दिघी येथे जी स्फोटके उतरली, ती सोन्याचांदीच्या तस्करीने रुळविलेल्या वाटेनेच आली. सीमाशुल्क खात्यातील आणि पोलिसांतील काही जण पुढे न्यायालयात दोषी ठरले. चांदी सोडण्यासाठी लाच घेणाऱ्याला पेटीत काय आहे, हे पाहण्याची सवय उरत नाही. भ्रष्टाचाराची किंमत आपण बुडालेल्या महसुलात मोजतो. १९९३ साली ती प्रेतांत मोजावी लागली.

तथापि ज्या परिणामाची भीती होती तो घडला नाही. स्फोटांनंतर मुंबईत दंगल उसळली नाही. लोकांनी जखमींना रुग्णालयांत नेले, रक्त दिले, आणि शेअर बाजार पुढच्या सोमवारी उघडला. यास केवळ पोटाची निकड म्हणणे अन्यायाचे होईल. सूडाचे आमंत्रण सामान्य नागरिकाने नाकारले होते.

या संयमाची परतफेड राज्यसंस्थेने न्यायाने करावयास हवी होती. स्फोटांच्या खटल्यात १०० जण दोषी ठरले, आणि ३० जुलै २०१५ रोजी नागपूर कारागृहात एकाला फाशीही झाली. दंगलींच्या खटल्यांत मात्र शिक्षा झालेल्यांची संख्या फारच थोडी आहे. एका गुन्ह्याचा हिशेब चुकता करून दुसऱ्याचा थकीत ठेवला, तर दोन्ही वह्यांवरचा विश्वास उडतो.

राजापेठेच्या चौकात उभे राहून कोणी विचारील की, मुंबईच्या या कथेशी आमचा काय संबंध? ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व १२ आरोपींची दोषसिद्धी रद्द केली. त्यांपैकी काही जण आपल्या अमरावतीच्याच कारागृहात होते. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही. उच्च न्यायालयाचा निष्कर्ष खरा मानला, तर १९ वर्षे निरपराध माणसे कोठडीत होती आणि खरे गुन्हेगार मोकळे. तो चुकीचा मानला, तर तपासच न्यायालयात टिकला नाही. कोणत्याही पक्षी मृतांच्या घरच्यांची पाटी कोरीच राहिली.

कोणास तरी पकडणे म्हणजे न्याय नव्हे. तपास काटेकोर असावा, खटला वेगाने चालावा, आणि दंगलखोर व बाँबवाला यांना एकाच तराजूत तोलले जावे, एवढीच नागरिकांची मागणी आहे. १९९३ साली जनतेने आपला वाटा उचलला. शासनाचा वाटा अद्याप येणे आहे.